आधी फांदी, मग खंड्या

शेपटी शार्प, डोळा सॉफ्ट. कित्येक आठवडे मी पक्ष्यांचे असेच फोटो घेऊन घरी येत होते.

लेन्स मामाची. फिल्मच्या काळातली, ४०० मिमी, एफ ५.६, पूर्ण मॅन्युअल. आत मोटर नाही, चिप नाही. एक रुंद रबरी फोकस रिंग आणि पुढे अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र लहान-मोठं करणारी, अरुंद रिंग, टक टक आवाज करत फिरणारी. "वापर गं ती. नुसती पडून राहिली तर बुरशी धरेल," असं म्हणून त्यानं ती माझ्या हातात ठेवली. मी अडॅप्टर आणून ती माझ्या २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, चढवली आणि तळ्याकाठी जायला लागले.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून बघायच्या खिडकीतून, पक्षी लख्ख दिसायचा. रिंग फिरवावी, चोच टोकदार व्हावी, बटण दाबावं. घरी येऊन फोटो मोठा केला की चोचीवर एक मऊ पापुद्रा असल्यासारखं वाटायचं, आणि शेपटीची पिसं मात्र एकेक मोजून घ्यावीत अशी. सकाळभरातल्या दीडशे फोटोंत तीन-चार बरे निघायचे, तेही नशिबानं. मला वाटायचं की माझा हात कच्चा आहे, किंवा आता डोळे तरी.

मामाला फोटो दाखवले तेव्हा त्यानं आधी त्याच्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असायचं. वरचा आणि खालचा तुकडा जुळला की फोकस बसला. पण एफ ५.६ च्या या लेन्सला त्यातला एक तुकडा काळा पडायचा, म्हणून तो भोवतीच्या दुधी काचेवर बघून भागवायचा. माझ्या कॅमेऱ्यात तर ते वर्तुळही नाही. आजच्या डीएसएलआरची फोकसिंग स्क्रीन ऑटोफोकस गृहीत धरूनच बनवलेली असते. चित्र छान उजळ दिसतं, पण केसभर सुटलेला फोकस त्यावर कळत नाही.

"पण तुझं सगळं मागेच जातंय," तो म्हणाला. "हात चुकला असता तर कधी पुढे, कधी मागे गेलं असतं. पट्टी लाव आणि बघ."

कॅमेरा ट्रायपॉडवर, ६ मीटरवर टेबल, टेबलावर ४५ अंशात तिरकी ठेवलेली मोजपट्टी. व्ह्यूफाइंडरमधून १५ च्या आकड्यावर फोकस केला. फोटोत १९ शार्प आला. पुन्हा केला, पुन्हा १९ च्या आसपास. व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टर, म्हणजे डोळ्याच्या नंबरासाठीची चकती, माझ्या नजरेला नीट जुळवून पाहिलं, तरी तेच. तिरक्या पट्टीवरचे ४ सेंटीमीटर म्हणजे खोलीत जवळजवळ ३.

हे ३ सेंटीमीटर किती मोठे आहेत हे नंतर हिशेब केल्यावर समजलं. ४०० मिमी, एफ ५.६, ६ मीटर अंतर आणि माझ्या कॅमेऱ्याचा छोटा, १.६ क्रॉपचा सेन्सर, एवढं धरलं तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत शार्प दिसणारा खोलीचा पट्टा, सुमारे ५ सेंटीमीटर येते. म्हणजे फोकसच्या पुढे अडीच आणि मागे अडीच. ३ सेंटीमीटरची चूक त्या पट्ट्याच्या बाहेर. आणि या चुकीचं मूळ किती लहान! लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून उडून फोकसिंग स्क्रीनपर्यंत जेवढं अंतर जातो, अगदी तेवढंच अंतर आरसा उचलल्यावर त्यानं सेन्सरपर्यंत जायला हवं. या दोन वाटांमध्ये ०.१५ मिमीचा फरक असला, तरी ६ मीटरवर एवढा फोकस सरकतो. ऑटोफोकस वापरणाऱ्याला हा फरक कधी जाणवतही नाही, कारण ऑटोफोकसचे सेन्सर वेगळे असतात. स्क्रीनवर डोळ्यांनी विश्वास ठेवणारी मी एकटीच फसत होते.

लाइव्ह व्ह्यूमध्ये ही दुसरी वाटच नसते. आरसा वर जातो, शटर उघडतं, आणि ज्या सेन्सरवर फोटो उमटणार त्याच सेन्सरवरचं चित्र मागच्या स्क्रीनवर येतं. त्या संध्याकाळी मी पट्टीवर लाइव्ह व्ह्यूनं फोकस केला. १५ वर केला, १५ वरच आला. पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि दर वेळी तिथंच आला.

एक गोष्ट मला फार आवडते. कॅननचा २०डीए हा कॅमेरा २००५ साली आला तो आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी, आणि त्यात लाइव्ह व्ह्यू दिला होता तो ताऱ्यांवर हातानं फोकस करता यावा म्हणून. पुढच्या वर्षी ऑलिंपसचा ई-३३० आला आणि २००७ पासून ही सोय डीएसएलआरमध्ये रुळत गेली. म्हणजे अंधारातला एक ठिपका टोकदार करण्यासाठी आलेली ही युक्ती. पक्ष्याच्या डोळ्यातली चमक तरी वेगळं काय असते?

पण पट्टी उडून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर लाइव्ह व्ह्यू लावला आणि पहिली चूक ही केली की पूर्ण चित्र बघून फोकस केला. स्क्रीनवर सगळं शार्प दिसत होतं, घरी आल्यावर पुन्हा तोच मऊपणा. कारण साधं आहे. माझी स्क्रीन आडवी ७२० पिक्सेलची, फोटो आडवा ६००० पिक्सेलचा. स्क्रीनच्या एका पिक्सेलमध्ये फोटोचे आठ पिक्सेल दडपलेले असतात. त्यात केवढाही सॉफ्टपणा लपून जातो. दहापट मोठं केलं की फोटोचे ६०० पिक्सेल ७२० पिक्सेलवर पसरतात, म्हणजे जवळजवळ एकास एक. तिथं खोटं चालत नाही.

मग दहापट करायला लागले, आणि पक्षीच सापडेना. या लेन्समधून ६ मीटरवर जेमतेम ३३ सेंटीमीटर रुंदीचा तुकडा दिसतो. दहापट केल्यावर ३ सेंटीमीटरचा. बगळ्याची मान म्हणून ज्याच्यावर फोकस करत होते तो वाळका देठ निघाला, असंही झालं. शिवाय रिंगला बोट लागलं की सगळं चित्र भूकंप झाल्यासारखं हलायचं. हलत्या चित्रावर फोकस पाहता येत नाही, आणि हात न लावता रिंग फिरत नाही.

इथं माझे बरेच दिवस गेले, आणि खरं शिकणं इथंच झालं.

आधी ट्रायपॉड. मधला दांडा वर काढायचा नाही, पाय पुरते रोवायचे, लेन्स तिच्या स्वतःच्या कॉलरवर बसवायची, कॅमेऱ्याच्या स्क्रूवर नाही. मग हात. रिंग मुठीत धरून फिरवली की लेन्स हलते. डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली टेकवून ठेवायचा आणि अंगठा व पहिल्या बोटाच्या टोकांनी रिंग खालून सरकवायची. सरकवून थांबायचं. चित्र स्थिर व्हायला एक-दोन सेकंद लागतात, तेवढा धीर धरायचा आणि मगच बघायचं. जुन्या लेन्सचा इथं मोठा फायदा आहे. तिची फोकस रिंग पुष्कळ फिरते, त्यामुळे बोटाच्या लहानशा हालचालीनं फोकसही लहानसाच सरकतो. ऑटोफोकस लेन्सची रिंग बहुधा इतकी थोडी फिरते की या कामाला ती फार घाईची वाटते.

फोकस बसला हे ओळखायचं कसं? सुरुवातीला मी रिंग हळूहळू फिरवत "आता शार्प दिसतंय" म्हणून थांबायची. ते चुकीचं. शार्प कुठं आहे हे त्याच्या पलीकडे गेल्याशिवाय समजत नाही. पलीकडे जायचं, चित्र विरघळू द्यायचं, परत यायचं, अलीकडे विरघळू द्यायचं, आणि मग दोन्हींच्या मधे बसायचं. शेवटची हालचाल मी नेहमी एकाच दिशेनं करते, कारण जुन्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते आणि दिशा बदलली की रिंग फिरूनही आतली काच क्षणभर जागची हलत नाही.

पुढची खूण मला या लेन्सच्या दोषानंच दिली. जुनी काच असल्यामुळे उजळ कडांना रंगाची झालर येते. फोकसचं प्रतल पक्ष्याच्या पलीकडे असेल तर कडा जांभळट दिसते, पक्ष्याच्या अलीकडे असेल तर हिरवट. रिंग फिरवताना ती झालर जांभळ्याची हिरवी होते, आणि मधे एक जागा अशी येते की रंगच नसतो. तिथं थांबायचं. डोळ्यातल्या चमकत्या ठिपक्यावर हे इतकं स्पष्ट दिसतं की मला दुसऱ्या कशाची गरज वाटत नाही. फोटोत जी झालर मी नावडती म्हणून पुसत बसायचे, तिनंच मला फोकस करायला शिकवलं.

आणि पाचपट. हे कोणी सांगितलं असतं तर माझे आठवडे वाचले असते. दहापट हे फक्त न हलणाऱ्या गोष्टीसाठी. जिवंत पक्ष्यासाठी पाचपट पुरतं, चमक आणि झालर दोन्ही दिसतात, आणि ६ मीटरवर ६-७ सेंटीमीटरचा तुकडा दिसत असल्यामुळे डोकं चौकटीत राहतं. मोठं करायची चौकट मी आधीच, पूर्ण चित्रात, जिथं डोकं येईल तिथं सरकवून ठेवते. पक्षी आल्यावर ती शोधत बसायला वेळ नसतो.

उन्हाचा त्रास वेगळाच. सूर्य पाठीशी, म्हणजे पक्ष्यावर सुंदर उजेड, आणि तोच उजेड स्क्रीनवर. काही दिवस डोक्यावरून काळं कापड घेतलं. नंतर स्क्रीनवर बसणारा, डोळा लावून बघायचा भिंगाचा हूड घेतला आणि सगळंच सुधारलं. चित्र मोठं झालं, ऊन बंद झालं, जवळचं वाचायला लागणारा चष्मा काढघाल करायची गरज उरली नाही. कॅमेऱ्याला चेहरा टेकवायचा मात्र हलकेच, नाहीतर श्वासानेही चित्र डुलतं.

एवढं जमल्यावर राखी बगळ्याचे फोटो येऊ लागले. तो मोठा, मिनिटंच्या मिनिटं एका पायावर उभा, मान आखडलेली, नजर पाण्यावर. लाइव्ह व्ह्यूसाठी यापेक्षा चांगला गुरू नाही. पहिल्यांदा त्याच्या पिवळ्या डोळ्याभोवतीची कातडी, गालावरची बारीक पिसं, चोचीवरचा पाण्याचा थेंब असं सगळं एका फोटोत टोकदार आलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो फोटो लहान-मोठा करत तिथंच बसून राहिले. आरसा आधीच वर गेलेला असल्यामुळे त्याचा धक्काही नसतो. अंधुक उजेडात १/६० सेकंदावर घेतलेले फोटोही टिकले, जे एरवी त्या खटक्यानं हलले असते.

झुडपात टुणटुणणारे पक्षी मी सोडून दिले. उडणारेही. स्क्रीनवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा किंचित मागे असतं, आणि उडणाऱ्या पक्ष्याला ३ अंशांच्या खिडकीत धरून वर हातानं फोकस करणं या पद्धतीत बसत नाही. त्यासाठी ऑटोफोकसची लेन्स लावावी, हे माझं स्पष्ट मत झालं आहे.

खंड्या मात्र मला हवाच होता, हाच, छोटा निळा. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर. येतो बाणासारखा, बसतो, दोनदा मान हलवतो, पाण्यात सूर, आणि गेला. तो बसल्यावर मी फोकस सुरू केला तर माझी रिंग अर्ध्यावर येईपर्यंत फांदी रिकामी झालेली असायची.

पण तो परत येतो, आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर. हे इतके दिवस मी पाहत होते आणि त्याचा अर्थ लक्षात येत नव्हता. पक्ष्याचा पाठलाग करणारी माझी नजर फांदीवर कधी ठरलीच नव्हती. ज्या दिवशी ठरली, त्या दिवशी दिसलं की पाण्यावर झुकलेल्या त्या सुक्या फांदीवर एका ठिकाणी पांढरे शिंतोडे आहेत. त्याची विष्ठा. तो नेमका कुठं बसतो हे त्यानंच चुन्यानं खूण केल्यासारखं लिहून ठेवलं होतं.

मग काम सोपं झालं. खंड्या नसताना, पूर्ण निवांतपणे, दहापट करून त्या पांढऱ्या शिंतोड्यांवर फोकस करायचा. काळ्या सालीवर पांढरा डाग म्हणजे फोकससाठी हवा तेवढा कॉन्ट्रास्ट. अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर उघडं ठेवून फोकस करायचा, मग हलक्या हातानं एफ ८ वर बंद करायचं. पक्षी असताना ही रिंग फिरवायची सोय नाही, पण रिकाम्या फांदीपुढे वेळच वेळ असतो. कॅमेरा बसण्याच्या जागेकडे रोखायचा, वर चोचीसाठी जागा सोडायची, सगळं घट्ट करायचं, केबलचं बटण हातात घेऊन आडोशामागे बसायचं. घरट्याच्या आसपास मी हे करत नाही. ही फांदी घरट्यापासून लांब, त्याच्या मासे धरण्याच्या जागेवर होती, आणि मी तिला हातही लावला नाही.

पहिल्याच दिवशी तो आला, बसला, मी बटण दाबलं. घरी येऊन पाहिलं तर पाय शार्प, नखं शार्प, फांदीची साल शार्प. डोळा जवळपास, पण पुरता नाही.

मला हे समजायला आणखी दोन सकाळी लागल्या. मी फोकस करत होते फांदीच्या मध्यावर. पक्ष्याचा माझ्या बाजूचा डोळा त्या मध्याच्या वर नसतो, अलीकडे असतो. आडवा बसला तर डोक्याच्या अर्ध्या रुंदीएवढा, माझ्याकडे थोडा वळून बसला तर दोन सेंटीमीटर तरी. म्हणून आता फांदीवर फोकस बसला, झालर निवली, की मी रिंग केसभर जवळच्या बाजूला आणते. किती, ते शिंतोड्यांच्या कडेवरून समजतं. तिला हिरवट छटा यायला लागली की थांबायचं. फांदी किंचित सॉफ्ट पाहून समाधान वाटायला शिकावं लागलं.

नंतरची अडचण बॅटरीची. लाइव्ह व्ह्यू सतत चालू ठेवला की सेन्सर आणि स्क्रीन दोन्ही वीज खातात. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत एका चार्जिंगवर व्ह्यूफाइंडरनं ९६० फोटो आणि लाइव्ह व्ह्यूनं ३०० दिले आहेत, आणि माझं तर फोटो काढण्यापेक्षा वाट बघणंच जास्त. एका सकाळी तो मासा घेऊन फांदीवर येऊन बसला, मासा आडव्याचा उभा करत होता, आणि माझी स्क्रीन काळी. तेव्हापासून फोकस झाला की लाइव्ह व्ह्यू बंद करून बसते आणि तो लांबून शीळ घालत येताना ऐकू आला की चालू करते. आरशाची खट् तो बसायच्या आधी झालेली बरी. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळही वाढवून ठेवली आहे. दोन जादा बॅटऱ्या खिशात असतात.

आणि ऊन चढलं की उठायचं. व्ह्यूफाइंडरमधून हे मला कधीच दिसलं नव्हतं, दहापट लाइव्ह व्ह्यूनं दाखवलं. पाणी आणि काठ तापायला लागले की मधली हवा उकळल्यासारखी थरथरते, फांदीची कड लाटेसारखी वळवळते, आणि रिंग कुठंही नेली तरी कड बसत नाही. अशा वेळी फोकसला दोष देऊन मी तासन् तास घालवले आहेत. आता वळवळ दिसली की झाकण लावते.

गेल्या आठवड्यात उजाडता उजाडता ढग होते, हवा थंड, पाणी स्तब्ध. शिंतोड्यांवर फोकस झाला, रिंग केसभर अलीकडे आणली, आणि मी वाट बघत बसले. पाऊण तासानं शीळ आली. लाइव्ह व्ह्यू चालू केला, पाचपट. निळा झपाटा, आणि चौकटीत एकदम एक डोकं. तो तिरपा बसला होता, माझ्याकडे अर्धा वळून, त्यामुळे डोळा नेहमीपेक्षा आणखी पुढे. चमकेला हिरवी कड होती म्हणावी तर नव्हती, जांभळी होती. बोटाच्या टोकानं रिंग आणखी जवळ आणली. जांभळं गेलं. दोन सेकंद थांबायला हवं होतं, मी एकच थांबले असेन. बटण दाबून धरलं. सात फोटो झाले आणि तो पाण्यात गेला.

मामाला ते दाखवायला संध्याकाळी गेले. त्यानं चष्मा वर केला, फोटो मोठा केला, आधी डोळ्यावर गेला. चमक, तिच्याभोवती बुबुळाचा काळोख, गालावरच्या नारिंगी पिसाचा एकेक धागा. बराच वेळ तो तिथंच होता. मग बोटानं फोटो सरकवत सरकवत मागे शेपटीपर्यंत नेला.

"शेपटी सॉफ्ट आहे," तो म्हणाला, आणि हसला.